वजनकाट्याचं व्हीएम पॅकेज करताना: उद्यमबाग, निपाणी, अथणी

१० जुलै २०२५

आमचं दुकान बेळगावात, उद्यमबागेत. ट्रकच्या वजनकाट्यांची देखभाल हे मुख्य काम. काट्याच्या इंडिकेटरमधून वजन सिरियल केबलने कॉम्प्युटरला येतं आणि तिथलं सॉफ्टवेअर पावती काढतं. हे सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं त्याने धंदा कधीच बंद केला, आणि ते ३२-बिट विंडोज ७ सोडून कशावरही धड चालत नाही. नव्या मशीनवर विंडोज ७ चढत नाही. म्हणून ठरलं असं: मशीनवर लिनक्स, त्यावर केव्हीएम (कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवायची लिनक्सची सोय), त्यात विंडोज ७, आणि त्यात ते सॉफ्टवेअर आहे तसं.

ऑफिसातल्या उबुंटू २२.०४ वर हाताने बसवून बघितलं, पावती निघाली. आता हेच गिऱ्हाइकांकडे बसवायचं. दर ठिकाणी हाताने बसवत बसलो तर पुढे दुरुस्तीला आपल्यालाच पळावं लागतं, तेव्हा पॅकेज करूया. एक डेब (डेबियन-उबुंटूसाठी), एक आरपीएम (रॉकी-फेडोरासाठी). कुठे काय आहे ते आधी लिहून ठेवतो:

उद्यमबागेतली फाउंड्री, डेबियन ११. निपाणीतलं तंबाखूचं गोदाम, रॉकी ९. अथणीकडच्या एका साखर कारखान्याचा ऊसकाटा, तिथे चालू मशीन उबुंटू २२.०४ आणि राखीव मशीन रॉकी ९. सगळीकडे एकच डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) का घालत नाही, असं कुणीही विचारेल. त्या मशीनांवर दुसरीही कामं चालतात आणि मालकांनी स्पष्ट सांगितलंय की चालतंय त्याला हात लावायचा नाही.

पॅकेजचं नाव काटा-व्हीएम. आत तीन गोष्टी: व्हीएमची एक्सएमएल फाइल (तिच्यात व्हीएमचं वर्णन असतं), ती लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळणारा प्रोग्रॅम) नोंदवणारी स्क्रिप्ट, आणि काटा-मॉनिटर नावाचा छोटा प्रोग्रॅम, जो सिरियल पोर्टवर लक्ष ठेवतो. विंडोजची डिस्क पॅकेजमध्ये घालणार नाही, ती वेगळी हार्ड डिस्कवरून न्यायची. डेबमध्ये ती मावतही नाही: आतल्या एआर फॉरमॅटमध्ये फाइलीचा आकार लिहायला दहाच अंकांची जागा असते, म्हणजे ९.३ जीबीच्या पुढे गाडी जात नाही.

(मशीनच्या होस्टनेममध्ये बेळगाव लिहायचं की बेळगावी, यावर दुकानात जे झालं ते इथे लिहीत नाही. शेवटी काटा-१, काटा-२ ठेवलं.)

१४ जुलै

डिपेंड्सची (आपल्याला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजांची) यादी करायला घेतली आणि पहिला घोळ इथेच. एकाच प्रोग्रॅमला डेबियनकडे एक नाव, रेल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) घराण्यात, म्हणजे रॉकी वगैरेंत, दुसरं. डिस्क इमेज हाताळायचं हत्यार डेबियन-उबुंटूत क्यूईएमयू-यूटिल्स या पॅकेजात येतं, रॉकी-फेडोरात क्यूईएमयू-आयएमजी या नावाने. व्हर्ट-इन्स्टॉल ही कमांड डेबियनमध्ये व्हर्टइन्स्ट पॅकेजात, रॉकीत कमांडचंच नाव पॅकेजला. डिस्कच्या आत डोकावायची हत्यारं डेबियनमध्ये लिबगेस्टएफएस-टूल्स, रॉकी ९ मध्ये पुढचं 'लिब' जाऊन नुसतं गेस्टएफएस-टूल्स.

ही नावं निदान वेगळी दिसतात. खरा ताप दिला तो व्हर्शच्या (लिबव्हर्टला हुकूम द्यायची कमांड) पॅकेजने. डेबियनमध्ये लिबव्हर्ट-क्लायंट्स, रॉकीत लिबव्हर्ट-क्लायंट. शेवटच्या एका एसचा फरक. डेबची यादी कॉपी करून आरपीएमच्या स्पेक फाइलीत टाकली होती. डीएनएफ (रॉकीत पॅकेज बसवायचं हत्यार) सांगतंय की असं पॅकेजच नाही, आणि मी रिपॉझिटरी बंद आहे का, मिरर मेलाय का, इंटरनेट गेलंय का हे तपासत बसलो. पावसाने त्या दिवशी खरंच इंटरनेट येऊन-जाऊन होतं, त्यामुळे संशय तिकडेच गेला. अख्खी दुपार त्यात गेली.

आता पद्धत बदलली. पॅकेजचं नाव आठवून लिहायचं नाही. आपल्याला कुठली फाइल लागते ते बघायचं आणि ती फाइल कुठल्या पॅकेजात आहे ते त्या-त्या डिस्ट्रोलाच विचारायचं. डेबियन-उबुंटूवर ॲप्ट-फाइल सर्च, रॉकी-फेडोरावर डीएनएफ प्रोव्हाइड्स. ॲप्ट-फाइलला 'बिन/व्हर्श' असा शेपटीचा भाग पुरतो, डीएनएफला त्याच्या पुढे '*/' लावावं लागतं. एकच प्रोजेक्ट कुठल्या डिस्ट्रोत कुठल्या नावाने आहे हे एका नजरेत बघायचं तर रिपॉलॉजी ही साइट बरी, पण अंतिम शब्द मशीनचा.

नाव तेच आणि वागणं वेगळं, असाही एक प्रकार निघाला. व्हीएमच्या नेटवर्कला डीएनएसमास्क (नेटवर्कचे पत्ते वाटणारा प्रोग्रॅम) लागतो. रॉकीत त्या नावाचं पॅकेज घातलं तर सर्व्हिस आपोआप उठत नाही, पडून राहते. उबुंटूत त्याच नावाचं पॅकेज घातलं की सर्व्हिस लगेच उठते आणि पोर्ट ५३ मागते. तिथे सिस्टिमडी-रिझॉल्व्हड (उबुंटूची नावांचे पत्ते शोधणारी सर्व्हिस) आधीच बसलेला. मग डीएनएसमास्क 'पत्ता आधीच वापरात आहे' असं ओरडतो आणि सर्व्हिस पडते. डेबियन-उबुंटूत लिबव्हर्टला हवं ते डीएनएसमास्क-बेस, ज्यात नुसता प्रोग्रॅम असतो, सर्व्हिस नसते. आणि तेही लिबव्हर्ट स्वतःच ओढून आणतं. ती ओळ काढून टाकली.

१५ जुलै

क्यूईएमयू-केव्हीएम हे नाव. सगळीकडे दिसतं आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा.

केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये आलं २००७ साली, २.६.२० मध्ये. त्याच्यासाठी क्यूईएमयूची (व्हीएमचं हार्डवेअर उभं करणारा प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर) एक वेगळी फांदी निघाली, तिचं नाव क्यूईएमयू-केव्हीएम. २०१२ च्या डिसेंबरात क्यूईएमयू १.३ आलं तेव्हा ती फांदी मुख्य झाडात परत मिसळली. फांदी गेली, नाव राहिलं. रेल घराण्याने ते खऱ्या पॅकेजला ठेवलं. उबुंटू २२.०४ मध्ये ते नुसतं बोट दाखवायला उरलंय: इन्स्टॉल करायला गेलं की ॲप्ट (उबुंटूत पॅकेज बसवायचं हत्यार) म्हणतं, त्याऐवजी क्यूईएमयू-सिस्टिम-एक्स८६ घेतो. जुन्या लेखांत सगळीकडे पहिलं नाव असतं, म्हणून माणूस तेच टाइप करतो.

ॲप्ट समजून घेतं म्हणून आपण डेबच्या डिपेंड्समध्येही जुनंच नाव ठेवू नये. डेबमध्ये खरं नाव, क्यूईएमयू-सिस्टिम-एक्स८६. आरपीएममध्ये क्यूईएमयू-केव्हीएम.

१९ जुलै

फाउंड्रीत पहिलं इन्स्टॉल. पॅकेज एका दमात बसलं, एकही तक्रार नाही. व्हीएम नोंदवायला गेलो तर लिबव्हर्ट म्हणतं, हा एम्युलेटर पीसी-क्यू३५-६.२ हे मशीन (व्हीएमच्या आभासी हार्डवेअरचा नमुना) ओळखत नाही.

कारण सरळ आहे. एक्सएमएल मी ऑफिसातल्या उबुंटू २२.०४ वरून व्हर्श डंपएक्सएमएलने काढली होती. तिथलं क्यूईएमयू ६.२, म्हणून मशीनचं नाव ६.२ चं. फाउंड्रीतल्या डेबियन ११ मध्ये क्यूईएमयू ५.२. नवीन मशीनचं नाव जुन्याला कसं कळणार?

पण मी पॅकेजमध्ये अट घातली होती ना, क्यूईएमयू ६.२ किंवा पुढचं हवं म्हणून! मग ५.२ वर ते बसलंच कसं?

ॲप्ट-कॅश पॉलिसी चालवलं आणि दिसलं. आवृत्ती नुसती ५.२ नाही, १:५.२+डीएफएसजी अशी आहे. पुढचा '१:' म्हणजे इपॉक. आवृत्त्यांची तुलना करताना डीपीकेजी (डेब प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्रॅम) आधी इपॉक बघतं, मग बाकीचं. माझ्या अटीत इपॉक लिहिलेला नाही, म्हणजे तो शून्य. १:५.२ आणि ०:६.२ यांत एक मोठा, विषय संपला. ५.२ च काय, १:०.१ सुद्धा या अटीतून पास झालं असतं. खात्री करायला डीपीकेजीची आवृत्ती-तुलनेची कमांड आहे, तिच्यात दोन्ही आकडे घालून बघा. उत्तर 'हो' असंच येतं.

अट 'किमान १:६.२' अशी दुरुस्त केली. मग आरपीएमकडे वळलो तर तिथे याहून गंमत. रेल ९ मध्ये क्यूईएमयू-केव्हीएमचा इपॉक १७ आहे, रेल ८ मध्ये १५, फेडोरात २. १७ लिहिलं तर फेडोरावर बसणार नाही, काही न लिहिलं तर सगळीकडे बसणार, म्हणजे अट असून नसल्यासारखी. आरपीएममधून आवृत्तीची अटच काढली.

संध्याकाळी विचार केला तर मुळात ती अट लागते कशाला? एक्सएमएलमध्ये ६.२ लिहिलंय म्हणून. ते तिथून काढलं की अटीचं कारणच उरत नाही. उद्या ते.

२० जुलै

एक्सएमएलमध्ये पीसी-क्यू३५-६.२ च्या जागी नुसतं क्यू३५. हे टोपणनाव आहे. नोंदवताना लिबव्हर्ट त्या मशीनवरचं ताजं नाव स्वतः भरतो. डेबियन ११ वर ५.२ चं भरलं, विंडोज उठलं, कुरकुर नाही. डेबमधली आवृत्तीची अट रद्द.

हे करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. डंपएक्सएमएलने पुन्हा फाइल काढली की टोपणनाव गेलेलं असतं आणि नंबरवालं नाव परत आलेलं असतं. म्हणून चालू व्हीएममधून काढलेली फाइल कधीच टेम्प्लेट म्हणून पॅकेजमध्ये टाकायची नाही. टेम्प्लेट हाताने लिहिलेली, वेगळी ठेवलेली. शिवाय आता क्यूईएमयूचं धोरणच आहे की नंबरवालं मशीन सहा वर्षांनी काढून टाकायचं. आज चालणारी फाइल पुढे आपोआप मोडणार.

२६ जुलै

निपाणी. हायवेला पाऊस इतका की वायपरचा उपयोग नाही.

रॉकी ९ वर आरपीएम बसलं. व्हीएम नोंदवताना पहिली चूक: यूएसआर/बिनमध्ये क्यूईएमयू-सिस्टिम-एक्स८६_६४ सापडत नाही. बरोबर आहे, रेल घराण्यात तो प्रोग्रॅम त्या नावाने नसतोच. तिथे त्याचं नाव क्यूईएमयू-केव्हीएम आणि तो असतो यूएसआर/लिबएक्सेकमध्ये, म्हणजे हाताने टाइप करून चालवायच्या जागी तो ठेवलेलाच नाही. टेम्प्लेटमध्ये एम्युलेटरची ओळ उबुंटूवरून तशीच आली होती.

मोह असा होतो की दोन टेम्प्लेट करायच्या, एक डेबसाठी, एक आरपीएमसाठी. करू नका. फेडोरा आरपीएमवालाच आहे, पण त्याचा रस्ता रॉकीसारखा नाही, उबुंटूसारखा. एम्युलेटरची ओळ पूर्ण काढून टाकली. ती नसली की लिबव्हर्ट आपल्या मशीनवर काय आहे ते बघून स्वतः भरतो. त्याने काय भरलं हे बघायचं असेल तर व्हर्श डोमकेपॅबिलिटीज.

दुसरी चूक: स्पाइस (व्हीएमचा स्क्रीन दाखवायची एक पद्धत) चालत नाही. रेल ९ मधून स्पाइस आणि त्याचं क्यूएक्सएल ग्राफिक्स दोन्ही काढून टाकलेत. ग्राफिक्सची ओळ व्हीएनसी केली, व्हिडिओ साधं व्हीजीए. पुन्हा तीच रड, कारण स्पाइस एकाच ओळीत राहत नाही. यूएसबी रीडायरेक्टच्या ओळी, स्पाइसचा चॅनल, आवाजाचं आउटपुट, सगळीकडे त्याची मुळं. फाइलीत 'स्पाइस' शोधून एकेक उपटलं. पावती काढायला आवाज कशाला लागतो म्हणून साउंड कार्डही काढलं.

तिसरी भानगड सर्व्हिसची. पॅकेजच्या स्क्रिप्टमध्ये मी 'लिबव्हर्टडी चालू कर' असं लिहिलं होतं. रेल ९ मध्ये लिबव्हर्टडी हा एकच मोठा डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) जाऊन त्याचे तुकडे झालेत: व्हर्टक्यूईएमयूडी, व्हर्टनेटवर्कडी, व्हर्टस्टोरेजडी वगैरे. जुना पडून असतो, पण दोघांचं पटत नाही. जुना उठवला की सिस्टिमडी नव्याला झोपवतं. जुन्या उबुंटूवाल्यांसाठी सांगतो, तिथे १८.०४ पर्यंत लिबव्हर्ट-बिन हे तिसरंच नाव चालायचं. स्क्रिप्टमधून ती ओळच काढली. सॉकेट ऐकत असतो, व्हर्शने हाक मारली की ज्याला उठायचंय तो उठतो. पॅकेजने दुसऱ्याच्या सर्व्हिसला हात लावायचाच नाही.

काट्यावरचे अण्णा मागे उभे राहून बघत होते. "काय करालाय ओ एवढा वेळ? नुसती नावंच बदलालाय व्हय?" म्हणाले. खोटं नव्हतं ते.

संध्याकाळी पावती निघाली. खर्च: यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर नवीन घ्यावा लागला, साडेसहाशे रुपये. आधीचा स्वस्तातला होता, वजनाचे मधलेच आकडे गाळायचा.

ओव्हीएमएफच्या (व्हीएमसाठीचं यूईएफआय फर्मवेअर) भानगडीत पडावं लागलं नाही हे नशीब. विंडोज ७ साध्या बायोसवर उठतं. यूईएफआय लागलं असतं तर त्या फर्मवेअरच्या फाइली डेबियन, फेडोरा आणि सूसे तिघांकडे तीन फोल्डरांत, तीन नावांनी असतात. ज्यांना लागतं त्यांनी रस्ता लिहू नये, ओएस टॅगमध्ये फर्मवेअर 'ईएफआय' एवढंच लिहावं, लिबव्हर्ट ५.२ पासून फाइल तोच शोधतो.

२ ऑगस्ट

अथणीकडचा ऊसकाटा. चालू मशीन उबुंटू, राखीव रॉकी, आणि डिस्क दोघांच्या मधे एका एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वाटायची सोय) स्टोरेजवर. एक बंद पडलं की दुसऱ्यावर व्हीएम उठवायचं, हंगामात गाड्यांची रांग लागते तेव्हा थांबून चालत नाही.

उबुंटूवर चाललं. बंद करून रॉकीवर उठवलं तर परवानगी नाकारली. इथे माणसांच्या नावांचा घोळ आहे, म्हणजे सिस्टिममधल्या यूजरांच्या. डेबियन-उबुंटूत व्हीएम लिबव्हर्ट-क्यूईएमयू या यूजरने चालतं, त्याचा नंबर ६४०५५. रॉकीत यूजर क्यूईएमयू, नंबर १०७. लोकल डिस्क असती तर लिबव्हर्टने उठताना फाइलीची मालकी स्वतः बदलली असती. एनएफएसवर रूट-स्क्वॉश (बाहेरून आलेल्या रूटचे अधिकार काढून घेणारी सेटिंग) असल्यामुळे त्याला ते करता येत नाही. एनएफएसला नावाशी देणंघेणं नसतं, तो नंबर बघतो.

स्टोरेजवर त्या एका शेअरपुरतं ऑल-स्क्वॉश लावलं आणि अनामिक यूजरचा नंबर ठरवून दिला. आता कुणीही आला तरी तो तिथे एकच माणूस. शेअर त्या दोन मशीनांपुरताच उघडा ठेवलाय. तरीही रॉकीवर परवानगी नाही. मग एसईलिनक्स (रॉकीतला सुरक्षेचा पहारेकरी) आठवलं. व्हर्ट-यूज-एनएफएस हा बूलियन कायमचा चालू केला आणि उठलं. उबुंटूत एसईलिनक्सच्या जागी ॲपआर्मर, त्याने काही अडवलं नाही. दोन्ही पायऱ्या पॅकेजमध्ये घातल्या नाहीत. गिऱ्हाइकाच्या सुरक्षेची सेटिंग पॅकेजने गुपचूप बदलणं बरोबर नाही, रीडमीत लिहिलं.

५ ऑगस्ट

आमच्याकडे खानापूरचा एक इंजिनियरिंगचा पोरगा इंटर्नशिपला आहे. त्याच्या फेडोरा लॅपटॉपवर चाचणीला पॅकेज घातलं. बसलं. त्याने टर्मिनलमध्ये काटा-मॉनिटर चालवलं आणि वजनाऐवजी कुठले तरी मेट्रिक्स, कंटेनर, पोर्ट असलं काहीबाही दिसायला लागलं.

"सर, हे आपलं नाही वाटत."

आपलं नव्हतंच. काटा कंटेनर्स नावाचा मोठा प्रोजेक्ट आहे. प्रत्येक कंटेनरला (बाकीच्यांपासून वेगळा ठेवलेला प्रोग्रॅम) स्वतःचं हलकं व्हीएम देतो, आत बऱ्याचदा क्यूईएमयूच. इंटेलचं क्लिअर कंटेनर्स आणि हायपरचं रनव्ही एकत्र करून डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झाला. रोमन लिपीत त्याचं आणि आमच्या वजनकाट्याचं स्पेलिंग हुबेहूब एक. त्यांच्यातही काटा-मॉनिटर नावाची कमांड आहे, काटा-रनटाइम आहे, काटा-सीटीएल आहे. पोराने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ते टारबॉलमधून (पॅकेज नव्हे, फाइलींचं नुसतं गाठोडं) ऑप्ट फोल्डरात उतरवून यूएसआर/लोकल/बिनमध्ये लिंक केली होती. पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) लोकल आधी येतं, म्हणून हाक मारली की त्यांचा धावतो, आमचा नाही.

आरपीएमने अडवलं नाही कारण त्याला दिसलंच नाही. एका पॅकेजातली फाइल दुसऱ्या पॅकेजावर पडत असेल तर आरपीएम आणि डीपीकेजी दोघंही थांबवतात. टारबॉलने आलेल्या पाहुण्याची नोंद त्यांच्याकडे नसते. शिवाय फाइली दोन वेगळ्या फोल्डरांत, म्हणजे भांडणच नाही. फक्त चुकीचा माणूस उत्तर देतो.

गिऱ्हाइकाकडे कोण काटा कंटेनर्स चालवणार, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण आपलंही व्हर्च्युअलायझेशनचं पॅकेज आणि त्यांचंही, उद्या कुणी नावाने शोधलं तर हमखास गोंधळ. डेबियनमध्ये डॉकर हे नाव आधीच सिस्टिम ट्रेच्या एका छोट्या प्रोग्रॅमकडे होतं, म्हणून खऱ्या डॉकरला डॉकर.आयओ व्हावं लागलं आणि लोक अजून विचारतात की ते डॉकर कुठलं. नोडचंही तसंच, ते नाव हॅम रेडिओवाल्यांच्या प्रोग्रॅमकडे होतं. ज्यांचं नाव एवढं मोठं त्यांना बदलावं लागलं, तिथे आपली काय कथा. नवीन नाव: वजनकाटा-व्हीएम, आणि कमांड वजनकाटा-मॉनिटर. या वेळी आधी रिपॉलॉजीत, ॲप्ट-फाइलमध्ये आणि डीएनएफमध्ये शोधून घेतलं. मोकळं आहे.

८ ऑगस्ट

नाव बदलणं म्हणजे फाइलीचं नाव बदलणं नव्हे. जिथे जुनं बसलंय तिथून ते सुखरूप निघालं पाहिजे.

डेबमध्ये: नवीन पॅकेज, आणि जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज २.० आवृत्तीचं, जे फक्त नव्यावर अवलंबून आहे. पहिल्यांदा ब्रेक्स आणि रिप्लेसेस (नवीन जुन्याची जागा घेतंय हे सांगणाऱ्या ओळी) लिहिले नव्हते, तर डीपीकेजीने टेम्प्लेटच्या फाइलीवर अडवलं: ही जुन्या पॅकेजातही आहे, वरून लिहू देणार नाही. दोन्ही ओळी '२.० च्या आधीचं काटा-व्हीएम' अशा अटीने घातल्या. झालं.

आरपीएममध्ये रिकाम्या पॅकेजची गरज नसते. ऑब्सोलीट्समध्ये (हे पॅकेज कुणाला हटवतं ते सांगणारी ओळ) २.० च्या आधीचं काटा-व्हीएम, आणि प्रोव्हाइड्समध्ये तेच जुनं नाव नव्या आवृत्तीसह. ऑब्सोलीट्सला आवृत्ती घालायचीच. फेडोरावर चाचणी: जुनं गेलं, नवीन आलं, व्हीएम चालू. निपाणीला दुपारी दुरूनच अपडेट केलं. व्हीएम चालूच होतं, पावत्याही निघत होत्या.

९ ऑगस्ट

सकाळी अण्णांचा फोन. "गाड्या थांबल्यात की ओ, ते तुमचं विंडोज कुठं गेलं?"

दुरून आत शिरून व्हर्श लिस्ट ऑल केलं. यादी रिकामी. डिस्कची फाइल जागेवर, पण व्हीएमची नोंदच नाही. काल संध्याकाळपर्यंत चालू असलेलं व्हीएम रात्रीत गेलं कुठे?

सगळा खेळ क्रमाचा आहे. आरपीएम आधी नवीन पॅकेज बसवतं, त्याची पोस्ट (बसवल्यानंतरची) स्क्रिप्ट चालवतं, आणि मग जुनं काढताना जुन्याची प्रीअन (काढण्याआधीची) स्क्रिप्ट चालवतं. माझ्या जुन्या पॅकेजच्या प्रीअनमध्ये लिहिलेलं होतं की पॅकेज कायमचं काढत असतील, म्हणजे पहिला आर्ग्युमेंट शून्य असेल, तर व्हीएमची नोंद पुसून टाक. साध्या अपडेटला तो आर्ग्युमेंट एक असतो. पण ऑब्सोलीट्सने जुनं पॅकेज जातं तेव्हा आरपीएमच्या दृष्टीने ते कायमचंच जातं, म्हणून शून्य. नव्याने व्हीएम नोंदवलं, मागोमाग जुन्याने जाता जाता पुसलं.

आणि ते लगेच का कळलं नाही? चालू व्हीएमची नोंद पुसली तरी व्हीएम बंद पडत नाही. लिबव्हर्ट त्याला तात्पुरतं समजतो. बंद होईपर्यंत ते मजेत चालतं, बंद झालं की नामोनिशाण नाही. अण्णांनी रोजच्याप्रमाणे रात्री विंडोज शटडाउन केलं, संपलं. फेडोरावरच्या चाचणीत मी व्हीएम बंद करून पुन्हा चालू करून बघितलंच नव्हतं.

निपाणीला टेम्प्लेट पुन्हा नोंदवली, पाचेक मिनिटांत पावती. गाड्यावाल्यांचं ऐकून घेतलं ते अण्णांनी.

दुरुस्ती दोन बाजूंनी. नव्या पॅकेजमध्ये नोंदवायचं काम पोस्टमधून काढून पोस्टट्रान्समध्ये टाकलं. ते सगळा व्यवहार आटोपल्यावर, जुनं गेल्यानंतर चालतं. दुसरं, जुन्याची प्रीअन स्क्रिप्ट मशीनवरच्या आरपीएम डेटाबेसमध्ये जाऊन बसलेली असते, नव्या पॅकेजमधून ती बदलता येत नाही. म्हणून काटा-व्हीएम १.९.१ काढलं, ज्याच्या प्रीअनमध्ये काहीच नाही. आधी ते घालायचं, मग २.०.

डेबमध्ये हा अपघात झाला नसता. तिथे जुनं पॅकेज निघत नाही, रिकामं होऊन अपडेट होतं, त्यामुळे त्याच्या स्क्रिप्टला 'अपग्रेड' असा निरोप जातो.

पॅकेज काढताना गिऱ्हाइकाचं व्हीएम पुसायचंच कशाला, हा प्रश्न पोराने विचारला. आता दोन्हींत पुसत नाही. रीडमीत कमांड आहे, ज्याला पुसायचं त्याने पुसावं.

२३ ऑगस्ट

९ तारखेला डेबियन १३ आलं. फाउंड्रीचं डेबियन ११ तसंही जुनं झालेलं, तिथे नवीन एसएसडी घालून थेट १३ बसवलं. क्यूईएमयू ५.२ वरून १०.० वर उडी आणि टेम्प्लेटला एक अक्षर बदलावं लागलं नाही. एम्युलेटर, मशीनचा नंबर, सर्व्हिस, आवृत्तीची अट, यातलं काहीच आत उरलेलं नाही, मग मोडणार काय?

मोडलं ते शेजारचं. त्याच मशीनवर ड्रॉइंगवाले व्हर्च्युअलबॉक्स वापरतात. ते उठेना, 'व्हीएमएक्स रूट मोड' अशी काहीतरी चूक दाखवायला लागलं. त्यांना वाटलं आमच्या पॅकेजने केलं. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम मॉड्यूल लोड होताक्षणी प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय स्वतःकडे घेऊन बसतं, व्हीएम चालू असो वा नसो. आधी फक्त व्हीएम चालू असतानाच घ्यायचं. कर्नलला केव्हीएम.एनेबल-व्हर्ट-ॲट-लोड शून्य द्यायचं. दोन्ही एकाच वेळी मात्र तरीही चालत नाहीत. ड्रॉइंगवाल्यांनी काटा बंद झाल्यावर काम करायचं मान्य केलंय, किती दिवस टिकतं बघू.

१० सप्टेंबर

गणपतीत कुणी फोन उचलला नाही, आणि आम्हीही केला नाही. विसर्जन आटोपून गाडी पुन्हा रुळावर.

फाउंड्री, निपाणी आणि ऊसकाट्याचं चालू मशीन नव्या नावावर आहेत. अथणीकडचं राखीव रॉकी मशीन अजून काटा-व्हीएम १.८ वर आहे, कारण ते बंदच ठेवलेलं असतं. ऊस सुरू व्हायच्या आत जाऊन आधी १.९.१, मग २.०, मग व्हीएम एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उठवायचं आणि यादीत दिसतंय ना ते बघूनच निघायचं.